सुरुवातीच्या डावीकडे

फिजिओथेरपीवाल्या मुलीनं दिलेला पिवळा रबरी चेंडू अप्पांनी तिसऱ्यांदा गॅलरीतून खाली भिरकावला, तेव्हा दगडाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ताई, ह्यांचा उजवा हात गेलाय म्हनता, पन डाव्याचा नेम बघा की. खाली इस्त्रीवाल्याच्या डोक्यात बसला."

"लागलं का त्याला?"

"न्हाय ओ. तितं असता, तर बसला असता."

सुकन्यानं मनात नोंद केली : दगडाबाईचं आजचं दुसरं खोटं, आणि अजून साडेनऊच वाजलेत. दगडाबाई मोहोळकडची. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ती अप्पांना सांभाळायची, चहात तीन चमचे साखर घालून एक सांगायची, आणि अप्पांना कुशीवर वळवताना मात्र स्वतःच्या बापाला वळवल्यासारखी जपून वळवायची. सुकन्याला माणसांचा असा ताळेबंद मांडायची खोडच होती. सोसायटीचा वॉचमन सिद्धाप्पा दिवसातून सहा वेळा थापा मारतो, पैकी चार पाण्याच्या टँकरबद्दल. कारखान्यात काँप्युटर बघणारा अजिंक्य दर दोन वाक्यांमागं 'सिंपल आहे' म्हणतो, आणि तो तसं म्हणाला की समजावं, दुपार गेली. एकोणचाळिसाव्या वर्षी बिनलग्नाची राहिलेली बाई दुसरं काय मोजणार, असं जुळे सोलापुरातल्या तिच्या शेजारणी म्हणत. त्या किती वेळा म्हणत, हेही तिच्याकडे होतंच.

फक्त अप्पांच्या नावापुढं गेले आठ महिने काही मांडता येत नव्हतं.

चनबसप्पा बिराजदारांनी चाळीस वर्षं चादरींचे ग्राफ काढले होते. चादरीवरचा मोर असो, वेल असो नाहीतर लग्नातलं नाव असो, ते आधी चौकोनांच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून काढायचं. मग त्या चौकोनांप्रमाणे कार्डांना भोकं पाडायची, कार्डं एकमेकांना शिवून त्यांची माळ करायची आणि ती मागाच्या डोक्यावर चढवायची. भोक असेल तिथं धागा उचलला जातो, नसेल तिथं नाही. अप्पांचा एक चौकोनही कधी चुकला नाही, असं त्यांचे जुने मालक सांगायचे. फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात, उजवा पाय आणि वाचा एकाच सकाळी गेली. डॉक्टर म्हणाले, थोडंफार परत येईल, प्रयत्न सोडू नका.

सुकन्याला थोडंफार नको होतं. तिला एकच शब्द हवा होता. अप्पा तिला नावानं कधी हाक मारत नसत. सुकन्या हे नाव शाळेसाठी, रेशनकार्डासाठी. घरात ती 'तायव्वा' होती. आई गेल्यापासून हा शब्द माहीत असलेलं जगात एकच तोंड उरलं होतं, आणि ते आता उजवीकडून खाली ओघळलं होतं.

एक सवय मात्र अर्धांगानंही नेली नव्हती. अप्पा फरशी मोजायचे, खिडकीचे गज मोजायचे, डाव्या बोटानं, न बोलता. आणि आठ झाले की मान वर करून सुकन्याकडे बघायचे. मग पुढचे आठ.

ग्राफच्या कागदावर दर आठ चौकोनांनी एक जाड रेघ असते. लहानपणी तिला वाटायचं, ग्राफवाले असंच मोजतात. आठव्याला मान वर, पोरगी दिसली की पुन्हा खाली. पुढं ती स्वतः टॉवेलच्या कारखान्यात डिझाईनला लागली, दहा-बारा ग्राफवाल्यांशी तिची गाठ पडली, आणि तिच्या ध्यानात आलं की मान कुणीच वर करत नाही. उलट सगळे धडपडतात ती मान वर करावी लागू नये म्हणून, कारण मोजणी चुकते.

तिनं आईला विचारलं होतं. निंगव्वा ही लाडीगोडीनं काही सांगणारी बाई नव्हती. भाकरी थापता थापता तिनं सांगितलं, "तुज्या आदी गुंडा हुता. पाच वर्साचा. चाळीतल्या खोलीत ऱ्हात हुतो. पान्याचा दिवस हुता, हौद भरून ठिवलेला. हे पायरीवर बसून ग्राफ मोजत हुते, चारशे चौकोनांची रांग. पोरगं म्हनालं, अप्पा, बघा की. ह्यांनी डावा हात वर केला. थांब, मोजतोय. रांग झाल्यावर मान वर केली, तर अंगनात कुनी न्हाय आन् हौदाचं झाकन बाजूला." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "दोन वर्सांनी तू झालीस. त्यो असता तर तुला कशाला आनली असती? एकच पुरं, असं ठरलं हुतं आमचं."

सुकन्या तेव्हा बावीस वर्षांची होती. तिनं ती भाकरी खाल्ली, आणि त्या दिवसापासून अप्पांची मान वर झाली की हसून दाखवायची शिस्त लावून घेतली.

*

चेंडूवर उतारा अजिंक्यनं सुचवला. अजिंक्य सव्वीस वर्षांचा, कारखान्यातली डिझाईनची मशीनं सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात जुने व्हिडिओ गेम खेळायचा.

"मॅडम, बोटांचा व्यायामच पाहिजे ना? मग चेंडू कशाला? तुमच्या काळचा टीव्हीगेम द्या की. सिंपल आहे."

तुमच्या काळचा. सुकन्यानं ते त्याच्या खात्यात टाकलं, पण तिला आठवलं. पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात घरात टीव्हीगेम आला होता, एकच कॅसेट. डोक्यावर बोचकं घेतलेला एक ठेंगणा गडी कट्ट्यांवरून उड्या मारत, खड्डे चुकवत, घंटा गोळा करत उजवीकडे पळत सुटायचा. परदेशी नाव कुणाला वाचता आलं नाही, म्हणून गल्लीत त्याला 'हमाल' म्हणत. सिनेमाला मान न वळवणारे अप्पा त्या हमालापुढं मांडी ठोकून बसले, कारण सगळं चौकोनांचं होतं. "ह्यो कुनीतरी ग्राफ काढलाय, तायव्वा," ते म्हणाले होते, दुसऱ्या गावातला सोयरा सापडल्यासारखे.

त्यांची तक्रार एकच. हमालाला मागं जाता येत नसे. पडदा उजवीकडे सरकला की डाव्या कडेला गेलेलं सगळं कापलं जायचं.

"हे कसलं काम? चूक झाली तर मागं जायाला नको?"

"मागं कशाला जायचं, अप्पा?"

"मागावर कापडात चूक दिसली तर काय करत्यात? कार्डं उलटी फिरवायची. चुकीपत्तूर एकेक आडवा धागा काडायचा. मग नव्यानं विनायचं."

"आणि मधलं? ते तर चांगलं विणलेलं असतं की. त्याची काय चूक?"

अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. "चूक न्हाय. पन मधी हाय न्हवं ते."

अजिंक्यनं पेनड्राईव्हएवढी एक काडी आणून दिली. टीव्हीच्या मागं खुपसायची. आत तोच हमाल, पण नटवलेला. जगभरात अशा जुन्या गेमवर जीव टाकणारी माणसं आहेत, त्यांनी फुकटात त्याची डागडुजी केली होती : नवे रंग, रुंद पडदा, न संपणारे जीव. "याला मॉड म्हणतात," अजिंक्य म्हणाला. "आणि यात मागंपण जाता येतं."

"कितीपर्यंत?"

"सुरुवातीपर्यंत. त्याच्या डावीकडे भिंत आहे. सिंपल."

*

सोमवारी सकाळी अप्पांच्या मांडीवर उशी, उशीवर गेमचा रिमोट. डाव्या अंगठ्याखाली चालवायचं बटण, उजव्याखाली उडी मारायचं. उजवा हात सुकन्यानंच उचलून तिथं ठेवला. थंड आणि जड, ओल्या टॉवेलसारखा.

अप्पांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा चांगला डोळा बारीक झाला. हमाल उजवीकडे निघाला आणि पहिल्याच खड्ड्यात पडला. पुन्हा निघाला, पुन्हा पडला. उडी मारायला हात होता कुठं?

"ह्याला खड्डाच दिसत न्हाय," दगडाबाई म्हणाली. "आमच्या गावच्या सरपंचावानी."

नवव्यांदा अप्पांनी हमालाला वळवलं. तो डावीकडे चालत गेला आणि भिंतीला जाऊन टेकला. टक. टक. टक. दिवसभर टक टक. संध्याकाळी दगडाबाई म्हणाली, "माजं डोस्कं उठलं, ताई. चेंडू बरा हुता."

गुरुवारी सुकन्या कारखान्यातून आली तेव्हा टकटक थांबलेली होती. अप्पांचा उजवा अंगठा बटणावर होता आणि त्याचं नख पांढरं पडलं होतं. जोर लागल्यावर पडतं तसं.

पडद्यावर भिंत नव्हती. हमाल ती ओलांडून पलीकडे गेला होता.

सुकन्या खालीच बसली. तिनं तो अंगठा हातात घेतला, तो तिच्या हातात हलला, आणि ती रडली. दगडाबाईनं त्या दिवशी चहात चार चमचे साखर घातली आणि चार सांगितली.

*

पलीकडे काय होतं, ते तिनं दुसऱ्या दिवशी नीट पाहिलं. भिंतीच्या अलीकडे त्या हौशी माणसांनी सतरा रंग भरलेले. पलीकडे फक्त तीन. किरमिजी, पांढरा, काळा. घंटा नव्हत्या, खड्डे नव्हते. सपाट जमीन, दर आठ चौकोनांनी एक जाड रेघ. हमाल आठ पावलं चालायचा आणि थांबायचा. अप्पा मान वर करून तिच्याकडे बघायचे. मग पुढची आठ.

त्याच्या पावलांचा आवाज अलीकडे टिकटिक असा होता. इथं तो मागाच्या ठोक्यासारखा दुहेरी होता, खटक-खट, खटक-खट. सुकन्यानं टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. आवाज थोडा कमी झाला.

कारखान्यात तिनं अजिंक्यला विचारलं. त्यानं स्वतःच्या काँप्युटरवर तोच मॉड उघडून हमालाला भिंतीवर चढवून दाखवलं. तो वर उभा राहिला, पलीकडे जाईना. मग त्यानं फाईलची आतली मांडणी काढली.

"हे बघा. हा पहिला कॉलम, भिंत. याच्या डावीकडे जागाच नाही, मॅडम. काही काढायचं म्हटलं तरी कागदच नाही."

त्यानं फाईल बंद करून पुन्हा उघडली. 'सिंपल आहे' म्हणाला नाही.

त्या आठवड्यात अप्पांची मूठ वळली. तोंडाचा ओघळ कमी झाला. फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, असं मी पाहिलं नाही, चेंडूनं कमाल केली. दगडाबाईनं लगेच मान डोलावली, आणि सुकन्यानं ती तिच्या खोट्यांत धरली.

आणि दुसऱ्या सोमवारी, सुकन्या त्यांना पेज भरवत असताना, अप्पांनी तिच्याकडे पाहून ओठ हलवले.

"ता."

चमचा तिच्या हातातच राहिला. "बोला अप्पा. पुढं?"

पुढं काही आलं नाही. त्यांनी मान पडद्याकडे वळवली.

*

सुकन्याच्या मनगटावर एक डाग होता. गणपतीत कुकरची वाफ लागून पडलेला, चिंचोक्याएवढा. मंगळवारी अंघोळ करताना तो दिसला नाही. तिनं दुसरं मनगट पाहिलं. मलमानं गेला असेल, असं तिनं ठरवलं, आणि मलम लावून महिना झाला होता हे तिला पक्कं माहीत होतं.

बुधवारी कारखान्याशेजारच्या गोदामाच्या दारातल्या मांजरानं, जे रोज तिच्या डब्यातली चपाती खायचं, तिच्यावर पाठ फुगवली.

गुरुवारी हजेरीच्या यंत्रानं तिचा अंगठा घेतला नाही. नोंद नाही, असं लाल अक्षरांत आलं. अजिंक्यनं तिची नव्यानं नोंद केली. शुक्रवारी पुन्हा लाल. तिच्या मोबाईललाही तिचं बोट ओळखू येईना. सुकन्या बोटं निरखत बसली. रेघा होत्या तशा होत्या. बहुधा.

संध्याकाळी फाटकाशी सिद्धाप्पानं वही पुढं केली. "नाव लिवा, म्याडम. कुनाकडं जायाचं?"

"सिद्धाप्पा, चेष्टा करताय काय ओ?"

"चेष्टा कशाला करू? नियम हाय."

तिनं त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. थाप मारताना त्याची डावी भुवई उडायची, हे तिनं दोन वर्षांत हेरलेलं होतं. भुवई जागची हलली नाही.

ती जिना चढून वर आली तर घरात वास होता. आंबूस, ओलसर; सुताला लावायच्या खळीचा. चाळीतल्या खोलीपाठोपाठ तिच्या नाकातून गेलेला, तीस वर्षांपूर्वीचा.

"दगडाबाई, कसला वास येतोय?"

"मला काय येत न्हाय." दगडाबाईनं तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, नाव जिभेवर असून सापडत नसल्यासारखं. मग म्हणाली, "ताई."

अप्पा खेळत होते. जमिनीच्या पलीकडे आता काहीतरी उगवलं होतं. तीन पायऱ्या. एक नळ. ओळीनं दारं, आणि दारांमागून एका कडुनिंबाचा काळा आकार, चौकोनाचौकोनानं काढलेला. त्या पायऱ्या सुकन्याला ठाऊक होत्या. तिसरीचा कोपरा तुटलेला होता, आणि पडद्यावर त्या कोपऱ्यात एक चौकोन कमी होता.

हमाल आठ पावलं चालला. थांबला. अप्पांनी मान वर केली.

ते तिच्या दिशेनं बघत होते. पण नजर तिच्यावर थांबली नाही. पारदर्शक पडद्यातून जावी तशी पलीकडच्या भिंतीवर गेली, तिथं काही न सापडून परत फिरली.

मधी हाय न्हवं ते.

सुकन्यानं उठून टीव्हीमागची काडी उपसली.

पडदा काळा झाला. अप्पांचा उजवा हात उशीवरून घसरला आणि खुर्चीच्या बाजूला लोंबू लागला. तोंड उजवीकडून पुन्हा खाली आलं, एखादा टाका सुटावा तसं. ते ओरडले नाहीत. डाव्या हातानं त्यांनी तो मेलेला हात उचलून परत उशीवर ठेवला, अंगठा जिथं बटण असायचं तिथं नेमका टेकवला आणि वाट बघत बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दगडाबाई म्हणाली, "कशाला काडलं ओ? मानूस उभं ऱ्हायलं हुतं."

सुकन्या काडी मुठीत धरून किती वेळ उभी होती, ते तिनं मोजलं नाही. तिचं मनगट कोरं होतं. अप्पांच्या हनुवटीवरून लाळ सुटली होती. तिनं ती पदरानं पुसली.

"ता," तिनं त्यांना सांगितलं. "ता-य-व्वा. एवढं एकदा म्हणा, अप्पा. मग मी काढते. मग चालेल."

तिनं काडी परत खुपसली.

*

शनिवारी अप्पा 'पाणी' म्हणाले. रविवारी 'चहा'. मग 'निंगव्वा', अगदी स्पष्ट. 'ता' त्या दोन दिवसांत आलं नाही.

सोमवार पाण्याचा दिवस. चार दिवसांनी आज नळ येणार म्हणून इमारतभर बादल्यांचा खडखडाट. सुकन्या निघाली तेव्हा पडद्यावर पायऱ्या अगदी जवळ होत्या. डाव्या कडेला एक चौकोनी काळी कड डोकावत होती, त्यावर झाकणासारखं काहीतरी. आज काडी काढायचीच, असं ठरवून ती टीव्हीपर्यंत गेली.

"ता," अप्पा म्हणाले.

ती थांबली. ते तिच्याकडे बघत नव्हते, पण ओठ पुढच्या अक्षरासाठी जुळत होते. ती वाट बघत राहिली. खाली कारखान्याची गाडी हॉर्न देत होती.

"संध्याकाळी," सुकन्या म्हणाली. "संध्याकाळी पुरं करा, अप्पा."

गाडीत तिच्या नेहमीच्या जागेवर दुसरीच मुलगी बसली होती. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही, म्हणून ती उभीच राहिली. कारखान्याच्या दारात यंत्र लाल झालं. अजिंक्य बाहेर आला, नम्रपणे.

"मॅडम, कुणाला भेटायचंय?"

"अजिंक्य, मी सुकन्या. तू मला ती काडी दिलीस. हमाल."

"हमालांचं खातं मागच्या गेटला आहे." त्यानं काळजीनं तिच्याकडे पाहिलं. "पाणी देऊ का तुम्हाला? ऊन लागलं का?"

तिच्या टेबलाशी एक माणूस बसलेला होता. चाळिशी ओलांडलेला, तिच्याकडे पाठ. तो पडद्यावरचे चौकोन भरत होता. त्याच्या मानेची ठेवण तिनं आरशात पाहिलेली होती.

तिनं रिक्षा धरली.

अक्कलकोट रोड संपेना. तिनं घरचा नंबर लावला. बोटाला नंबर आठवत होता. फोन म्हणाला, असा नंबर नाही.

फाटकाशी सिद्धाप्पानं वही पुढं केली. ती तशीच धावली.

दुसरा मजला. जिन्यात खळीचा वास नव्हता. कसलाच नव्हता.

दाराची पाटी पितळेची. चनबसप्पा बिराजदार. खाली आणखी एक ओळ होती, गु. च. बिराजदार, आणि तिची अक्षरं वरच्या ओळीइतकीच झिजलेली होती. उंबऱ्यापाशी पुरुषाच्या वहाणांचा जोड. टाचा आतल्या बाजूनं खाल्लेल्या, तिच्या खायच्या तशाच.

तिच्या स्वतःच्या दुसऱ्या चपला तिथं नव्हत्या.

दार उघडं होतं.

दगडाबाई नव्हती. खुर्ची नव्हती, उशी नव्हती. टीव्हीच्या मागं काडी नव्हती. मोरीत नळ चालू होता आणि पिंप भरत आलं होतं.

अप्पा खिडकीशी टेबलापुढं बसले होते. ताठ. पुढं ग्राफचा कागद, उजव्या हातात पेन्सिल. तोंड सरळ झालं होतं. आवाज तिला आठवत होता तसाच, खर्जातला.

"एक, दोन, तीन, चार..."

सुकन्या उंबऱ्याच्या आत उभी राहिली. आयुष्यभर उभी राहायची तशी. चेहऱ्यावर हसू आणून.

"...पाच, सहा, सात, आठ..."

ती थांबली.

"...नऊ, दहा, अकरा."

पेन्सिल जाड रेघ ओलांडून पुढं गेली. मान खालीच होती.

"अप्पा," सुकन्या म्हणाली. "बघा की."

त्यांनी वर पाहिलं नाही. डावा हात उचलला, पंजा तिच्याकडे केला.

"थांबा की जरा, बाई. मोजतोय."

रांग चारशे चौकोनांची होती.